पांढरीचा हिशेब

मार्च महिना उजाडला की आमच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अंगी एकाएकी चैतन्य संचारते. अकरा महिने ज्या कचेरीत नागरिकाच्या साध्या प्रश्नाला उत्तर देण्यास माणूस सापडत नाही, त्याच कचेरीतून आता त्याच्या दारापर्यंत माणसे चालत येतात. शहरात ध्वनिक्षेपक लावलेली मोटार फिरते, थकबाकीदारांच्या याद्या चौकात झळकतात, नळ तोडण्याच्या नोटिसा निघतात. खेड्यात ग्रामसेवक आणि चपराशी मागणीची वही काखेत मारून घरोघर हिंडतात. (ग्रामसेवकांचा हुद्दा २०२४ पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असा झाला आहे, गावाच्या तोंडी ते अजून ग्रामसेवकच आहेत.) ३१ मार्चला हे वारे ओसरते आणि कोणत्या तालुक्याने किती टक्के वसुली केली याचे आकडे वर जातात. वसूल झालेल्या पैशाचे पुढे काय झाले याचे आकडे मात्र खाली येत नाहीत. स्थानिक करांविषयी आज लोकांच्या मनात जी चीड आहे तिचे मूळ, आमच्या मते, या एका गोष्टीत आहे. आणि ते शोधावयाचे तर मुंबई-पुण्याच्या अवाढव्य अंदाजपत्रकांपेक्षा एखाद्या खेड्यातील कराची पावती हाती घेणे अधिक उपयोगाचे.

आम्ही त्यासाठी कामठ्याचे नाव घेतो. नागपूरजवळची, लष्करी छावणीची कामठी ती ही नव्हे. आमचे कामठा गोंदिया तालुक्यातील. भोसल्यांच्या राज्यात ते एका मोठ्या जमीनदारीचे ठाणे होते. १८१८ साली तेथील जमीनदार चिमणा पटेल यांनी अप्पासाहेब भोसल्यांची बाजू घेऊन कंपनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले. बंड मोडले गेले आणि पुढे जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. १९५१ साली त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्यात मालगुजारी आणि जमीनदारी दोन्ही कायद्याने संपुष्टात आल्या. आज हे गाव दूरदूरच्या भाविकांना ठाऊक आहे ते संत लहरीबाबांच्या आश्रमामुळे, आणि विमानाने जाणाऱ्यांना ठाऊक झाले आहे ते शेजारच्या बिरसी विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या या धावपट्टीवरून मार्च २०२२ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली, काही महिन्यांत बंद पडली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. डोक्यावरून विमान जाते आणि खाली पथदिव्याच्या बिलाचा वाद चालतो, असा हा काळ आहे. कामठ्याच्या पंचायतीविरुद्ध आमची काही विशेष तक्रार नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. पुढे जे लिहिले आहे ते त्यांतील बहुतेकींना कमीअधिक लागू पडेल. कामठ्याची निवड आम्ही केली ती तेथे कर या गोष्टीला जुना इतिहास आहे म्हणून.

गावाचे दोन भाग आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात काळीवर सारा होता, त्याचप्रमाणे शेती न करणाऱ्या कोष्टी, तेली, दुकानदार वगैरे लोकांवर आणि त्यांच्या घरांवर ‘पांढरी’ या नावाचाच एक कर होता. इंग्रजांनी राज्य घेतले तेव्हा हा करही बरोबर घेतला आणि कित्येक दशके चालवला. त्या कराबद्दल लोकांच्या मनात प्रेम होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याचा एक गुण मान्य करावयास हवा. त्याने कोणाला काही कबूल केले नव्हते. कोष्ट्याने पैसे दिले म्हणून त्याच्या दारात दिवा लागेल, गटार वाहील, नळाला पाणी येईल, असे भोसल्यांच्या कमाविसदाराने त्याला कधी सांगितले नाही.

आजची पावती तशी मुकी नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२४ व्या कलमाने पंचायतीला इमारती आणि जमिनी यांवर कर बसवण्याचा अधिकार दिला, तसाच दिवाबत्ती कर, सामान्य आरोग्य कर, पाणीपट्टी, यात्रेकरूंवरील कर, जत्रा-उत्सवांवरील कर, बाजार फी, इतकेच काय सायकलींवर आणि बैलगाड्यांवरही कर बसवण्याचा अधिकार दिला. घराच्या आकारणीच्या पद्धती बदलत गेल्या. क्षेत्रफळावरची आकारणी उच्च न्यायालयात अडखळली, तेव्हा ३१ डिसेंबर २०१५ च्या नियमांनी भांडवली मूल्य हा पाया ठरवला. म्हणजे घर किती मोठे यापेक्षा त्याची किंमत किती, बांधकाम कोणते, किती जुने आणि कशासाठी वापरलेले हे पाहावयाचे. पद्धत अधिक न्याय्य आहे, यात संशय नाही. मात्र ती समजण्यासाठी मुद्रांक खात्याचा दरतक्ता, घसाऱ्याचा तक्ता आणि वापराचे भारांक अशी तीन कोष्टके समोर ठेवून गुणाकार करावा लागतो, आणि तो करून दाखवण्यास गावात कोणी तयार नसते. म्हणून मातीच्या घराच्या जागी स्लॅबचे घर उभे करणाऱ्याला वाटते की आपल्याला घर बांधल्याचा दंड झाला.

तरीही आकारणी हा खऱ्या तक्रारीचा विषय नाही. पावतीवरची नावे वाचावी. दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी: प्रत्येक नावात एकेक वचन आहे. दिवाबत्तीच्या नावाने पैसे घेणाऱ्याने दिवा लावण्याचे कबूल केलेले असते, आणि ते त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिलेले असते. आता या वचनाची कसोटी २०२१ साली कशी लागली ते पाहावे.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महावितरणने थकबाकीपायी राज्यातील असंख्य खेड्यांच्या पथदिव्यांचा पुरवठा तोडला. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती, पेरण्यांचे दिवस होते, साप-विंचवाचे दिवस होते, आणि गावेच्या गावे काळोखात गेली. वाद असा होता: पथदिव्यांची बिले पूर्वी शासनाच्या अनुदानातून जिल्हा परिषदेमार्फत भरली जात, शासनाचे आता म्हणणे असे की ती पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून पंचायतींनी भरावी. सरपंच म्हणाले की हा निधी विकासासाठी आला आहे, वर्षानुवर्षांची सरकारी थकबाकी आमच्या गळ्यात का बांधता? शासनाने जूनमध्ये आदेश काढला, सरपंचांनी निवेदने दिली, दोन्ही पक्षांचे म्हणणे वर्तमानपत्रांतून छापून आले. तिसरा पक्ष, म्हणजे दिवाबत्ती कर भरणारा गावकरी, अंधारात उभा होता. त्याला कोणी काही विचारले नाही. त्याने विचारावयाचा प्रश्न तर अगदी सरळ होता. आजवर बिल शासन भरत होते, तर मी दिवाबत्तीच्या नावाने दिलेले पैसे कशासाठी खर्च झाले? कदाचित ते खांबांवर, दिव्यांवर, तारांवर, दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या मजुरीवर खर्च झाले असतील. तसा खर्च झालाच असेल आणि तो वाजवीही असेल. पण ते सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही, आणि न सांगितलेला वाजवी खर्च लोकांच्या दृष्टीने गैरखर्चाच्याच खात्यात जमा होतो.

ही स्थिती आली कशी? पंचायतीची नजर खालून वर वळली, हे त्याचे उत्तर आहे. ज्या पैशासाठी आपण कोणाकडे हात पसरतो त्यालाच आपण हिशेब देतो, हा व्यवहार घरात चालतो तसाच राज्यकारभारात चालतो. आमच्या भागात १९४६ च्या कायद्याने ग्रामपंचायती आल्या, १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती आल्या, आणि १९९३ मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या साऱ्यांना घटनेत स्थान मिळाले. प्रत्येक टप्प्यावर अधिकार खाली देण्याची भाषा झाली. अधिकारांच्या मागोमाग पैसाही आला, आणि चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, तो थेट पंचायतीच्या खात्यात आला. पंधराव्या आयोगाच्या निधीचे महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० असे वाटप झाले. या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिला आणि उरलेला चाळीस टक्के मोकळा ठेवला. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु याचा एक परिणाम असा झाला की गावच्या कराची रक्कम त्यापुढे क्षुल्लक वाटू लागली. वरून आलेल्या पैशाचा आराखडा, उपयोगिता प्रमाणपत्र, छायाचित्रे, संगणकावरील नोंदी, सर्व काही वेळच्या वेळी तयार असते, कारण ते न दिल्यास पुढला हप्ता अडतो. गावकऱ्याने दिलेल्या पैशाचा हिशेब न दिल्यास काही अडत नाही.

या निधीचा आणखी एक चमत्कार आहे. तो बांधून देतो, चालवून देत नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली आणि घरोघर नळ पोचवण्याचे काम देशभर सुरू झाले. त्याची मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे. टाकी, पंप, नळवाहिनी यांचा खर्च केंद्राने आणि राज्याने उचलला. पंपाची वीज, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचा पगार, फुटलेल्या पाइपाचा जोड, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर हे मात्र पाणीपट्टीतून यावयाचे. आम्ही एके काळी शाळेत गणित शिकवीत असू. त्यात हौदाची उदाहरणे असत: एक नळ हौद इतक्या तासांत भरतो, दुसरा इतक्या तासांत रिकामा करतो, तर दोन्ही सोडले असता काय होईल? मुले उदाहरण बरोबर सोडवीत. पुढे त्यांच्यातलेच कोणी अभियंते झाले, कोणी अधिकारी झाले, आणि भरणाऱ्या नळाचे उद्‌घाटन करताना दुसऱ्या नळाचा विचार करण्याची त्यांची सवय सुटली असे दिसते.

पैसा मागणारा आणि पैसा देणारा यांच्यात हिशेबाचा धागा तुटला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आमच्या जिल्ह्याला दूर जावे लागत नाही. गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर उभे राहिले की पुरे. गोंदिया-भंडारा हा तलावांचा प्रदेश. कोहळी समाजाच्या पिढ्यांनी आपल्या कसबाने बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या देखरेखीखाली असत आणि गावकरी श्रमाने त्यांचा गाळ-पाळ सांभाळीत. १९५१ नंतर ते सरकारकडे गेले. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे त्यांचे दप्तरी नाव. लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ केले. सरकारने पाण्याचा आकार मागितला. शेतकऱ्यांनी निस्तारपत्रकावर बोट ठेवले: हे पाणी आमच्या वाडवडिलांपासूनच्या हक्काचे आहे, त्याचे पैसे कसले? वाद न्यायालयापर्यंत गेले. हक्क सांगणाऱ्यांची बाजू न्याय्य होती, यात आम्हांस शंका वाटत नाही. पण महसूल येत नाही म्हटल्यावर सरकारचे दुरुस्तीकडे लक्ष राहिले नाही, आणि तलाव आता सरकारचा म्हटल्यावर गावचे हातही पाळीवर चालेनासे झाले. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर राहिले आणि तलाव गाळाने भरले. आज त्याच तलावांचा गाळ काढण्यासाठी नवनव्या योजना जाहीर होतात, त्यांची नावे बदलतात आणि फलक लागतात. धानाच्या बांधीला लागणारे पाणी मात्र फलकाने साठत नाही.

या प्रकरणावरून गोंदियाच्या किंवा नागपूरच्या सुशिक्षित वाचकाने खेड्याकडे बोट दाखवून हसण्याचे कारण नाही. त्याच्या हातातील मालमत्ता कराचे बिल त्याने एकदा शेवटपर्यंत वाचून पाहावे. त्यात शिक्षण कर आहे, रोजगार हमी कर आहे. हे नगरपालिका गोळा करते आणि राज्य सरकारला देते. वृक्ष कर आहे. झाडांची संख्या वाचकाने स्वतःच मोजावी. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली, तिच्या जागी सहायक अनुदान आले, आणि ज्या संस्थेची स्वतःची मिळकत होती ती मुंबईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसू लागली. महापालिकांचे तेच झाले: जकात, मग स्थानिक संस्था कर, मग २०१७ साली वस्तू व सेवा कर आणि पुन्हा भरपाईचे हप्ते. त्यावर कडी म्हणजे गोंदिया नगर परिषदेची मुदत २०२२ च्या आरंभी संपली आणि पुढली निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. मधल्या काळात प्रशासकाचा कारभार होता. राज्यातील बहुतेक नगरपालिकांची आणि महापालिकांची हीच गोष्ट. प्रशासकाच्या कारभारात कर सुचवणारा, तो मंजूर करणारा आणि तो खर्च करणारा एकच अधिकारी असतो. सभागृहाचे सर्व अधिकार त्याच्या ठिकाणी एकवटलेले असतात. मुंबईत एप्रिल २०२५ मध्ये कचरा उचलण्यासाठी घरटी दरमहा १०० ते १,००० रुपये आकारण्याचा मसुदा पुढे आला तो अशाच काळात. तो प्रस्ताव चांगला की वाईट हा प्रश्न निराळा; पण ज्याच्यावर तो बसावयाचा त्याने निवडलेला एकही माणूस त्या वेळी महापालिकेत नव्हता, ही गोष्ट कोणत्याही स्वराज्याला शोभणारी नव्हती. कामठ्याच्या माणसाला निदान त्याचा सरपंच रस्त्यात भेटतो.

लोकांची चीड वाढली की तिच्यावर राज्यकर्त्यांचा एक ठरलेला उपाय आहे, तो म्हणजे सूट. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, निवडणूक दाराशी आली असता. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत २०१९ मध्ये काढून घेतली, लोक रस्त्यावर आले, २०२३ मध्ये ती परत दिली. आणि २०२५ साली समृद्ध पंचायतराज अभियानात खेड्यांची पाळी आली: १ एप्रिल २०२५ पूर्वीची निवासी घरांची थकबाकी चालू वर्षाच्या करासह एकरकमी भरल्यास थकबाकीतली निम्मी रक्कम माफ. हा उपाय वसुलीचे आकडे फुगवण्यास चांगला आहे. परंतु त्याचा अर्थ गावच्या चावडीवर काय लावला जातो, याचा विचार मंत्रालयात झाला होता काय? ज्या विधवेने बचतगटाचे पैसे मोडून दरवर्षी घरपट्टी भरली तिला या योजनेत काही मिळत नाही. ज्याने दहा वर्षे पावती पाहिली नाही, ज्याच्या दारात मोटार उभी आहे, त्याला निम्मे मिळते. यापुढे तिने वेळेवर का भरावे? सूट जाहीर करणारा आपल्या खिशातून काही देत नाही. सोडलेला पैसा पंचायतीच्या तिजोरीतला असतो, आणि ती तिजोरी शेवटी भरणाऱ्यांच्याच पैशाची असते. आमच्या मते थकबाकीत सूट द्यावयाचीच तर ती गरिबी पाहून द्यावी, दिरंगाई पाहून देऊ नये.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजूही लिहिणे प्राप्त आहे, आणि ती लहान नाही. पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकांसाठी, ५ टक्के अपंगांसाठी राखून ठेवावे लागतात, आणि हे योग्यच आहे. कर्मचाऱ्यांवर उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. २०२० साली शासनाने या कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातील आपला हिस्साही करवसुलीच्या टक्केवारीशी बांधला. म्हणजे गावाने कर थकवला की पहिला फटका सरपंचाला बसत नाही. तो बसतो नळ सोडणाऱ्याला, गटार उपसणाऱ्याला, दिवे लावणाऱ्याला. ‘आम्हाला पाणी नीट मिळत नाही म्हणून आम्ही पट्टी भरत नाही’ असे म्हणणाऱ्याने आपण कोणाची मजुरी अडवली हे पाहून घ्यावे. आमच्या भागात एक खास अडचण आहे. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो धान विकल्यावर, तोही आधारभूत खरेदी केंद्रावरचे चुकारे सरकारने वेळेवर दिले तर. सरकार आपल्या देण्यात महिनेच्या महिने घालवते आणि आपले घेणे मार्चअखेर मागते. धान मोजून देऊन बसलेला शेतकरी चुकाऱ्याची वाट पाहत असताना पंचायतीचा माणूस दाराशी येतो, आणि त्या माणसाला ज्या शिव्या ऐकाव्या लागतात त्यांतल्या अर्ध्या तरी दुसऱ्याच कचेरीच्या वाट्याच्या असतात.

कर न भरण्याचा जो दिमाख काही घरांत असतो त्याची मात्र आम्ही गय करणार नाही. कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे मागणीनंतर तीन महिन्यांत कर न भरणारा पंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. म्हणून निवडणूक जाहीर झाली की गावातील मातब्बर मंडळी थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी एकाच आठवड्यात रांग लावतात, आणि त्या आठवड्यात पंचायतीची जेवढी वसुली होते तेवढी एरवी महिन्यांतही होत नाही. पैसे नव्हते असे यांपैकी कितीजण म्हणू शकतील?

ग्रामसभेची कथाही अशीच. वर्षातून चार सभा व्हाव्या, आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल आणि लेखापरीक्षकांच्या टिपण्या लोकांसमोर मांडाव्या, असे कायद्याचे सातवे आणि आठवे कलम सांगते. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. एवढी माणसेही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पाचपंचवीस डोक्यांसमोर वर्षाचा जमाखर्च भराभर वाचून मंजूर होतो. ज्यांना वही वाचता येते, आकड्याला आकडा जुळवता येतो, असे गावचे शिक्षक, बँकेतले कारकून, वकील हे गोंदियात किंवा नागपुरात राहतात. कामठ्याला त्यांचे घर आहे, घरपट्टीबद्दल त्यांची तक्रारही आहे, पण सुट्टीच्या दिवशी होणाऱ्या सभेला ते येत नाहीत. आमच्या वाचकांत ही मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून हे येथे लिहिले.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तेथे पूर्ण कर भरणाऱ्या घराला पंचायतीच्या गिरणीवर दळण फुकट मिळू लागले, शुद्ध पाणी, आंघोळीला गरम पाणी मिळू लागले, आणि वसुलीचा प्रश्न जवळजवळ मिटला. पुढे राज्यभर या फुकट दळणाची चर्चा झाली. आमच्या मते गिरणी हे त्यातले बाह्यांग होते. तिचे अनुकरण करणाऱ्या साऱ्याच गावांना ते यश आलेले नाही. भरलेल्या पैशाचा मोबदला प्रत्येक घरातील बाईच्या डोक्यावर रोज पिठाच्या डब्यातून घरी येत होता, आणि कोणाला काय मिळते व का मिळते हे साऱ्या गावाला दिसत होते, हे त्यातले मर्म.

कामठ्याला आणि कामठ्यासारख्या गावांना आमची सूचना यापेक्षा साधी आहे. तिला गिरणीही लागत नाही. हिशेब कोठेच नाही असे नव्हे. २०११ च्या लेखा संहितेने पंचायतीला नमुना एक ते तेहेतीस अशा नोंदवह्या घालून दिल्या आहेत; गावकऱ्याला त्यांतला नमुना आठ तेवढा ठाऊक असतो, कारण कर्जाला तो लागतो. एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावरही पंचायतींचे खर्च चढवले जातात. म्हणजे दिल्लीत बसलेल्या माणसाला कामठ्याचा खर्च पाहता येतो; कामठ्यात बसलेल्या म्हातारीला दिसत नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर कोणी अर्ज करण्यापूर्वीच अशी माहिती स्वतः होऊन प्रसिद्ध करावी असे बजावतो. तेव्हा पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर, ज्या भिंतीवर योजनांची रंगीत चित्रे काढलेली असतात त्याच भिंतीवर, दर तिमाहीला चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहाव्या: दिवाबत्तीचे जमा इतके, विजेचे बिल इतके, दुरुस्ती इतकी, शिल्लक इतकी. पाण्याचे तसेच, सफाईचे तसेच. या भागातला माणूस घरात पोवारी बोलतो, बाजारात हिंदी बोलतो आणि कचेरीत आला की मराठी बोलतो. म्हणून एवढेच मुनादी देऊन पोवारीतही सांगितले तर बिघडणार नाही. वसुलीची मुनादी ज्या गल्ल्यांतून फिरते त्याच गल्ल्यांतून खर्चाची मुनादी फिरू द्यावी.

येत्या १ मे रोजी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आहे. ध्वजवंदन होईल, मुलांना गोळ्या वाटल्या जातील आणि मग निम्मे लोक घरी जातील. त्यांनी अर्धा तास अधिक बसावे. गोंदियात नोकरी करणाऱ्या कामठ्याच्या मंडळींना त्या दिवशी सुट्टीच असते. त्यांनी शेवटची बस धरण्याऐवजी पहिली बस धरून गावी जावे, नमुना पाच, म्हणजे रोकडवही, टेबलावर मागून घ्यावी आणि दिवाबत्तीच्या सदराखाली मागील वर्षी किती रुपये जमा झाले व महावितरणला किती गेले, हे दोन आकडे सभेत मोठ्याने वाचून दाखवण्याची सरपंचांना विनंती करावी.